दहा डॉलर कुठे जातात: क्वीअर भयकथांच्या छोट्या प्रकाशकांना इथून पाठबळ देताना

परदेशातला एखादा दोन-चार माणसांचा प्रकाशक क्वीअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्स आणि अशा इतर माणसांच्या, भयकथांचा संग्रह काढायचं ठरवतो, किकस्टार्टर या लोकांकडून पैसे गोळा करायच्या संकेतस्थळावर मोहीम उघडून पैसे मागतो, आणि आपल्यातलं कुणीतरी रात्री अकरा वाजता मला लिंक पाठवून विचारतं, "देऊ का गं?" मलाच विचारण्याची कारणं दोन. भुतं आणि बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका एकाच पुस्तकात असतील, तर ते मी वाचलेलं तरी असतं नाहीतर मागवलेलं तरी. दुसरं म्हणजे मी पुण्यातल्या एका छापखान्यात एस्टिमेट काढते. किती फर्मे (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचे गठ्ठे), कागद किती जीएसएमचा म्हणजे किती वजनाचा, बाइंडिंग कुठलं, प्रती किती, हे विचारल्याशिवाय मला कुठल्याही पुस्तकाबद्दल बोलता येत नाही. मोहिमेचं पानही मी तसंच वाचते. तुम्हालाही ते तसं वाचता यावं, म्हणून हे लिहिते आहे.

लोकांकडून पैसे गोळा करून हे साहित्य खरंच उभं राहतं का, या शंकेचं उत्तर 2015 सालीच मिळालेलं आहे. लाइटस्पीड या अमेरिकन मासिकाने क्वीअर लेखकांच्या विज्ञानकथांच्या विशेषांकासाठी किकस्टार्टरवर 5,000 डॉलर मागितले. जमले 50,000 च्या वर. मूळ मागणीत भयकथा नव्हत्याच. रक्कम चढत गेली तसे पुढचे टप्पे उघडत गेले, आणि त्यातून नाइटमेअर या भयकथांच्या भगिनी-मासिकाचा 'क्वीअर्स डिस्ट्रॉय हॉरर' हा अंक त्या ऑक्टोबरात निघाला, वेंडी वॅग्नर यांच्या संपादनाखाली. आज वॉशिंग्टन डीसीमधली निऑन हेमलॉक ही छोटी प्रेस क्वीअर अद्भुतकथा, विज्ञानकथा आणि भयकथा काढते. तिच्या नोव्हेलांच्या, म्हणजे लघुकादंबऱ्यांच्या, मालिकांना किकस्टार्टरवरच्या वाचकांनीच हात दिला. मोठ्या प्रकाशकांकडे क्वीअर भयकादंबऱ्या आता येऊ लागल्या आहेत, नाही असं नाही. पण लघुकथासंग्रह, शंभर-सव्वाशे पानांच्या नोव्हेला, ट्रान्स लेखकांनी शरीराबद्दल लिहिलेली अंगावर काटा आणणारी गद्यं, यांना दुकानात जागा मिळत नाही. त्या छोट्यांच्याच वाट्याला येतात.

आधी हिशेब

किकस्टार्टरचा नियम सरळ आहे. मुदतीत ठरलेली रक्कम जमली तरच पैसे कापले जातात. नाही जमली तर कुणाचाच एक पैसा जात नाही. जमली, तर किकस्टार्टर 5 टक्के घेतं, आणि अमेरिकेतल्या मोहिमेत पेमेंटचा खर्च म्हणून 3 टक्के अधिक प्रत्येक प्लेजमागे, म्हणजे कबूल केलेल्या रकमेमागे, 20 सेंट जातात. म्हणजे तुम्ही दहा डॉलरची ई-बुकची टिअर, म्हणजे बक्षिसाची पायरी, घेतली, तर पन्नास सेंट किकस्टार्टरचे, पन्नास सेंट पेमेंटचे, आणि नऊ डॉलर प्रकाशकाच्या हातात. छपाई नाही, टपाल नाही. नऊच्या नऊ पुस्तकाला.

आता दुसरी बाजू बघा. अमेरिकेतली विज्ञानकथा-अद्भुतकथा लेखकांची संघटना व्यावसायिक दर म्हणून शब्दाला 8 सेंट धरते. चार हजार शब्दांची भयकथा म्हणजे 320 डॉलर. तुमच्यासारखे छत्तीस जण दहा-दहा डॉलर देतात तेव्हा एका लेखकाच्या एका कथेचं मानधन उभं राहतं. पंधरा कथांचा संग्रह असेल तर नुसत्या मानधनाचे 4,800 डॉलर. त्यावर मुखपृष्ठाचा चित्रकार, संपादन, मुद्रितशोधन, मांडणी. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, तोसुद्धा तिकडे फुकट नाही. एक घेतला तर 125 डॉलर, दहा एकदम घेतले तर 295.

हा हिशेब पाठ झाला की मोहिमेचं पान आपोआप बोलायला लागतं. कुणी पंधरा कथा, पूर्ण व्यावसायिक दर, रंगीत चित्रं आणि हार्डकव्हर असं सगळं कबूल करून फक्त 3,000 डॉलर मागत असेल, तर दोनच शक्यता: एक तर प्रकाशक उरलेले पैसे खिशातून घालणार आहे, किंवा त्याने एस्टिमेटच काढलेलं नाही. पहिली शक्यता असेल तर तो ते लिहितो. लिहिलेलं नसेल तर मोहिमेखाली प्रश्न विचारा. "लेखकांना शब्दाला किती देणार आहात?" एवढा एकच प्रश्न, सभ्यपणे. छोटे प्रकाशक अशा प्रश्नाला आनंदाने उत्तर देतात. त्यांना कुणी विचारतच नसतं.

पानावर मी काय शोधते

हस्तलिखित तयार आहे का, हे सगळ्यात आधी. 'कथा निवडल्या आहेत, लेखकांची यादी ही, संपादन सुरू आहे' असं असेल तर माझा हात लगेच कार्डाकडे जातो. 'पैसे जमले की कथा मागवू' असं असेल तर वाईट नाही, पण मग पुस्तक दीड वर्षाने येईल असं धरून चालायचं. मोहीम संपल्यावर पैसे प्रकाशकाच्या खात्यात यायलाच साधारण दोन आठवडे जातात. त्यामुळे मोहिमेच्या पुढच्याच महिन्यात छापील पुस्तक हातात देण्याचं वचन ज्याने दिलं आहे, त्याच्याकडे एकतर पुस्तक छापून पडलेलं आहे किंवा त्याने छापखान्याची पायरी चढलेली नाही.

मग प्रकाशकाच्या जुन्या मोहिमा उघडायच्या आणि त्यांचे अपडेट वाचायचे. उशीर झाला असेल तर मी नाक मुरडत नाही. आमच्याकडे दिवाळीच्या तोंडावर काय चालतं ते मला ठाऊक आहे. मी बघते ती बोलण्याची पद्धत. 'बाइंडरने दोन फर्मे उलटे लावले, पुन्हा बांधतोय, तीन आठवडे लागतील' असं लिहिणारा प्रकाशक माझा. आठ महिने गप्प बसून एकदम नवीन मोहीम घेऊन येणारा माझा नाही, त्याच्या मुखपृष्ठावरची चेटकीण कितीही देखणी असो.

स्ट्रेच गोल, म्हणजे जादा रकमेचे पुढचे टप्पे, जरूर वाचा. जादा जमलेल्या पैशांतून लेखकांचा दर वाढणार असेल, आणखी दोन कथा घेणार असतील, आतली चित्रं काढणाऱ्याला पैसे मिळणार असतील, तर उत्तम. पिना, पिशव्या, वासाच्या मेणबत्त्या, वटवाघळाचे मोजे यांची रांग लागली की मला धास्ती वाटते. प्रत्येक वस्तूचा वेगळा कारखाना, वेगळा उशीर, वेगळं वजन. मोजे पोचवता पोचवता पुस्तकाचे पैसे संपतात. किकस्टार्टर हे दुकान नव्हे. तिथे प्रकाशकाने वचन दिलेलं असतं, किकस्टार्टरने हमी दिलेली नसते.

मुखपृष्ठ कुणी केलं आहे हेही बघा. ऑगस्ट 2023 पासून किकस्टार्टरवर एआय वापरलं असेल तर ते जाहीर करावं लागतं. माणसाचं चित्र असेल तर चित्रकाराचं नाव पानावर असतंच. नाव नाही आणि खुलासाही नाही, तर मी पुढे जाते.

आणि एक खास या प्रकारापुरतं. मोहिमेचं वर्णन वाचून एवढं तरी कळलं पाहिजे की यातली क्वीअर माणसं कथेत नेमकी काय करतात. पहिल्या दहा पानांत मरण्यापुरती येतात, की वाडा त्यांचा आहे, शाप त्यांचा आहे आणि शेवटी उरणारीही तीच आहेत? मला दुसऱ्या प्रकारासाठी पैसे मोजायचे असतात. कथांत हिंसा, आत्महत्या, घरच्यांनी केलेला छळ असं काही असेल तर त्याची आगाऊ सूचना देणार का, हेही चांगला संपादक सांगतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांना भुताची भीती वाटत नाही, जेवणाच्या टेबलावरच्या वडिलांची वाटते. तिथे सूचना लागते.

पैसे भरताना

यूपीआय चालत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागतं, आणि त्यावर परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू केलेले हवेत. 2020 पासून नव्या कार्डांवर ते बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करा आणि मर्यादा पाच हजारांवर ठेवा, जास्त नको. बँक चलन बदलण्याचे पैसे लावते. बऱ्याच कार्डांवर ते साडेतीन टक्के असतात, वर त्याच्यावर 18 टक्के जीएसटी. दहा डॉलरचे साधारण नऊशे रुपये धरले, तर हा वरखर्च सदतीस रुपयांच्या आसपास. काही कार्डांवर तो लागतच नाही, तुमच्याकडचं कुठलं ते तपासा.

किकस्टार्टरवर पैसे प्लेज करताना जात नाहीत, मोहीम संपताना जातात. नेमकं त्या वेळी आपल्याकडचं कार्ड नाकारलं जाण्याचे प्रकार होतात: मर्यादा कमी, व्यवहार बंद, बँकेला संशय. मग ईमेल येतो आणि दुरुस्त करायला सात दिवस असतात. तो ईमेल प्रमोशनच्या टॅबमध्ये जाऊन बसतो. मोहिमेची शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खात्यात डोकावा. नाकारलेलं कार्ड म्हणजे प्रकाशकाने मोजलेला पण न मिळालेला पैसा.

मुदतीच्या आधी विचार बदलला तर प्लेज रद्द करता येते. फक्त शेवटच्या चोवीस तासांत, तुमच्या जाण्याने रक्कम ठरलेल्या आकड्याच्या खाली येणार असेल तर येत नाही.

कधी द्यायचे? पहिल्या दोन दिवसांत. सुरुवातीला आकडा हलला की बाकीच्यांना धीर येतो, आणि किकस्टार्टरसुद्धा हलती मोहीम वर दाखवतं. त्याच्याही आधी बऱ्याच मोहिमांचं पूर्वसूचनेचं पान असतं. तिथे 'फॉलो' दाबायला काही पडत नाही. हातात पैसेच नसतील तर बक्षीस न घेता एक डॉलरही देता येतो. तो एक डॉलर हिशेबात फार नाही, पण पाठीराख्यांची संख्या एकाने वाढते, आणि प्रकाशकाचे अपडेट तुम्हाला मिळत राहतात.

पॅट्रिऑन या वर्गणीच्या संकेतस्थळाचं गणित वेगळं. तिथे महिन्याला दोन-तीन डॉलर जातात, आणि छोट्या मासिकांना हा नियमित पैसा एकरकमीपेक्षा जास्त उपयोगी पडतो. निऑन हेमलॉकचं बॅफलिंग हे छोट्या कथांचं मासिक असंच वाचकांच्या मासिक वर्गणीवर चालतं. पण ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचे नियम कडक झाले, तेव्हापासून भारतीय कार्डांवर अशी वर्गणी मध्येच तुटते. जिथे वर्षाची एकदम भरायची सोय असेल तिथे ती घ्या. आणि आयफोनच्या ॲपमधून भरू नका, ब्राउझर उघडा. ॲपलचा हिस्सा वाचतो.

कागद की पीडीएफ

छापखान्यात काम करणारी बाई सांगते आहे: ई-बुक घ्या. मला स्वतःला हे सांगताना कसंतरी होतं, कारण कागदाचा वास हा माझा पगार आहे. पण अमेरिकेच्या टपालाने परदेशी पाठवायची जहाजाची स्वस्त सेवा 2007 मध्येच बंद केली, आणि त्यांची पुस्तकांसाठीची सवलतीची सेवा देशातल्या देशात चालते. आता एक पेपरबॅक विमानाने पुण्याला येतो तेव्हा टपालाचा खर्च पुस्तकाच्या किमतीइतका किंवा त्याहून जास्त होतो. कित्येक छोट्या प्रकाशकांना परदेशी टपालाचा अंदाज चुकल्याचा फटका बसला आहे. त्यात 2019 च्या अर्थसंकल्पात आयात पुस्तकांवर 5 टक्के सीमाशुल्क लागलं. पिना आणि टी-शर्ट यांचे दर वेगळे, आणि एका पाकिटात सगळं आलं की कस्टमवाला वेगळं काढत बसत नाही.

तरी कागदच हवा असेल तर तीन वाटा. प्रकाशक ब्रिटनचा असेल तर तिथला टपालखर्च अमेरिकेच्या खर्चाशी ताडून बघा, कधीकधी फरक पडतो. दोघी-तिघींनी मिळून एका पत्त्यावर मागवलं तर खर्च विभागतो. किंवा अमेरिकेतल्या नातेवाइकाचा पत्ता द्या आणि ते डिसेंबरात येताना आणतील अशी आशा ठेवा. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो. तो काही विचारत नाही, पण त्याच्या सासूबाई येणारं प्रत्येक पाकीट फोडतात, आणि मुखपृष्ठावर दोन बायका एकमेकींचा गळा चावत असल्या की फोन येतो. हे गृहीत धरूनच पत्ता द्या.

घरी माहीत नसेल तर

यावर इंग्रजीत कुणी लिहीत नाही, कारण तिकडे प्रत्येकाच्या दारावर आपापली पेटी असते. आपल्याकडे कुरिअरवाला पाकीट वॉचमनकडे देतो, वॉचमन काकूंकडे. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून आपल्याला वगळलं, पण काकूंना ते लागू नाही.

म्हणून हे आधी करून घ्या. किकस्टार्टरवर खातं उघडताना प्रोफाइलला पूर्ण नाव आणि फोटो नको, आणि सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइल खासगी करा. नाहीतर तुम्ही कुठल्या मोहिमांना पैसे दिले ते त्या पानावर दिसू शकतं. प्रकाशकाला तुमचं नाव आणि मोहीम यशस्वी झाल्यावर ईमेल कळतोच, म्हणून ईमेल ऑफिसचा नको. कार्ड वडिलांच्या खात्यावरचं ॲड-ऑन असेल तर ते वापरूच नका. मेसेज त्यांच्या फोनवर जातो आणि त्यात मोहिमेचं नाव दिसेल की नाही हे आपल्या हातात नसतं. मोहीम संपल्यावर प्रकाशक एक सर्व्हे पाठवतो, त्यात 'आभाराच्या पानावर नाव कसं छापू?' असा प्रश्न असतो. तिथे पाळण्यातलं नाव, टोपणनाव, नुसती आद्याक्षरं, काहीही लिहिता येतं. रकाना मोकळा सोडू नका, कारण काही जण मोकळा रकाना दिसला की खात्यावरचं नाव उचलतात. नको असेल तर 'नाव छापू नये' असं इंग्रजीत स्पष्ट लिहा. छापून आलेलं नाव पुसता येत नाही, हे मी धंद्याच्या अनुभवाने सांगते.

पुस्तक आल्यावर

सर्व्हे त्याच आठवड्यात भरा. अडकलेल्या पत्त्यांमुळे आख्खी रवानगी खोळंबते. ई-बुकची लिंक आली की लगेच उतरवून दोन ठिकाणी ठेवा. काही लिंकांना मुदत असते. वाचून झालं की गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर चार ओळी लिहा, मराठीत लिहिल्या तरी चालतील. मोठ्या प्रकाशकाला एक परीक्षण म्हणजे काहीच नाही. ज्याच्या पुस्तकाला सगळी मिळून अकरा परीक्षणं आहेत त्याला बारावं कळतं. कथा आवडली तर त्या लेखकाचं नाव घेऊन लिहा. संग्रहात लेखकांना आपापल्या कथेबद्दल फारसं काही ऐकू येत नाही.

असा संग्रह आपल्याकडे काढायचा झाला तर

हा प्रश्न प्रत्येक वेळी शेवटी येतोच. किकस्टार्टरवर भारतातून मोहीम सुरू करता येत नाही, फक्त पैसे देता येतात. पण आपल्याला त्याची गरज आहे का, असं मला वाटतं. प्रकाशनपूर्व सवलतीत आगाऊ पैसे भरून पुस्तक घेणारे वाचक मराठीत कधीपासून आहेत. 1909 मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या मनोरंजन मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून दरवर्षी मराठी माणूस दिवाळीत भुताची गोष्ट वाचतो आहे. वाचक तयार आहे.

माझं एस्टिमेट असं. दोनशे चोवीस पानं, म्हणजे सोळा पानी चौदा फर्मे, अर्धा फर्माही वाया नाही. तीनशे प्रतींपर्यंत डिजिटल छपाई करा. पाचशेच्या पुढे गेलात तरच ऑफसेट परवडतो. आयएसबीएन आपल्याकडे फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करायचा. लेखकांचं मानधन पहिल्या रकान्यात लिहा, शेवटच्या नको. मराठीत ते शेवटी लिहिलं की शेवटीच राहतं. आगाऊ पैशांसाठी वेगळं बचत खातं ठेवा आणि मोहिमेच्या पहिल्याच दिवशी जाहीर करा की अमुक तारखेपर्यंत दीडशे प्रती नोंदल्या गेल्या नाहीत तर सगळ्यांचे पैसे परत. परदेशातल्या मराठी मंडळींनी पैसे पाठवले तर ते पुस्तकाच्या किमतीपोटी घ्या आणि पावती द्या. परदेशी देणगी म्हटलं की एफसीआरए कायद्याचा प्रश्न येतो, तेव्हा त्याआधी सीएला गाठा. आणि नोंदणीच्या फॉर्ममध्ये 'आभाराच्या पानावर नाव छापावे का' हा प्रश्न पहिल्या दिवसापासून असू द्या, 'नको' वर आधीच टिक करून.